पाच वाजताची रिकामी जागा

मी मुळातच भित्री आहे. दारावरची घंटा अवेळी वाजली की मी आधी साखळी लावते आणि मग ‘कोण?’ विचारते, आणि फोनवर कोणी ‘एक सांगायचं होतं’ असं म्हणालं की पुढचं वाक्य येईपर्यंत मी मनातल्या मनात दोन-तीन नातेवाइकांना पोचवून आलेली असते. अशा बाईने अठरा वर्षं लोकांना निवांत करायची नोकरी केली, हे ऐकून माझी आई असती तर पोट धरून हसली असती. बडोद्यातल्या एका लहानशा एफएम स्टेशनवर रोज संध्याकाळी पाच ते सात मी स्मूथ जॅझ लावत असे.

स्मूथ जॅझ म्हणजे सॅक्सोफोन, थोडी गिटार, मागे मऊ ठेका. ऐकता ऐकता चहा पिता येतो, भाजी निवडता येते, अगदी हळू आवाजात भांडताही येतं. अस्सल जॅझवाले त्याला नाकं मुरडतात. मुरडोत. आमच्या स्टेशनच्या म्हाताऱ्या मालकांनी ते परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलात ऐकलं होतं, आणि बडोद्याला ते ऐकवायचंच असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. आम्हा सगळ्यांना वाटलं, महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागेल. पण ऐकणारे निघाले. दातांच्या दवाखान्यात, कारेलीबागेतल्या ट्यूशन क्लासच्या खाली स्कूटरवर मुलांची वाट बघत बसलेल्या आयांच्या कानात, छाणीच्या एका लेथ मशीनवाल्याकडे. तो दर दिवाळीला फोन करून सांगायचा की तुमच्या त्या पिपाणीने माझं बीपी उतरलं.

पाच वाजता सुरुवातीची धून वाजायची आणि मग मी म्हणायचे, “सांज पडी. बे घडी बेसो.” संध्याकाळ झाली, दोन घटका बसा, एवढंच. मी घरात मराठी बोलणारी, पण स्टेशन गुजरातीत चालायचं. माझ्या आयुष्यात मी हे वाक्य स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल.

घरी बाबा त्याला उत्तर द्यायचे. हे मला समोरच्या फ्लॅटमधल्या बेननी सांगितलं. मी रेडिओवर ‘बेसो’ म्हटलं की बाबा रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणत, “बसलोय गं.” बाबा चौऱ्याऐंशीचे. काचबिंदूने डोळे गेलेले, आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. हृदयात दोन स्टेंट. आई गेल्यापासून कारेलीबागेतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. सकाळची कामवाली बारा वाजता गेली की पाच वाजेपर्यंत ते एकटे, आणि पाचला मी रेडिओतून घरी यायचे. त्यांचं घड्याळ म्हणजे मीच होते, आणि हे मला फार उशिरा कळलं.

बाबांचा कान तिखट होता. त्याला कारण होतं. माझे आजोबा संस्थानच्या लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बाबांनी स्वतः जन्मभर कारखान्यात फिटरचं काम केलं, वाद्य कधी तोंडाला लावलं नाही, पण अमेरिकेतल्या सॅक्सोफोनवाल्यांना ते कारेलीबागेतून रागावत. “श्वास चुकीच्या जागी घेतला बघ,” असं म्हणत, जणू तो खाली जिन्यात उभा होता.

आजोबांच्या बँडची एक रीत आमच्या घरात सांगितली जायची. बँडमधला कोणी वारला की पुढच्या कवायतीला त्याची आवडती चाल वाजवायची, आणि त्याचा एकट्याचा तुकडा आला की सगळ्यांनी वाद्यं खाली घ्यायची. त्याच्या जागी कोणी वाजवायचं नाही. तेवढी जागा रिकामी सोडायची, मग पुढे चालू. इतर बँडांत असं होतं का मला माहीत नाही. मला ती गोष्ट लहानपणी फार आवडायची, कारण लहानपणी आपल्याला मेलेली माणसं गोष्टीतलीच वाटतात.

मालक गेले आणि स्टेशन त्यांच्या मुलाकडे आलं. मुलाने एक मॅनेजर आणला. तिशीतला, गोड बोलणारा, पांढरे बूट घालणारा. त्याने काहीही एकदम बंद केलं नाही. एकदम केलं असतं तर मी एकदाच घाबरले असते आणि मोकळी झाले असते. आधी त्याने कार्यक्रमाच्या नावातला ‘जॅझ’ हा शब्द काढला, लोक बिचकतात म्हणून. मग लांब लांब धुना गेल्या, तीन मिनिटांच्या आल्या. मग सॅक्सोफोनवर वाजवलेली हिंदी गाणी आली. मग दोन गाण्यांच्या मधल्या माझ्या बोलण्याला, त्याला आम्ही लिंक म्हणतो, कात्री लागली. मिनिटाचं अर्धं मिनिट झालं, अर्ध्याची आठ सेकंदं. आठ सेकंदांत माणूस काय बोलणार? मी वाऱ्याबद्दल बोलायचे, कमाटीबागेतल्या फुललेल्या झाडाबद्दल बोलायचे, आणि ‘बे घडी बेसो’ म्हणायचे.

दर सोमवारी मीटिंग असायची. रविवारी दुपारपासूनच माझं जेवण ताटात तसंच राहायला लागे. बाबा विचारत, “काय गं, जेवली नाहीस?” मी म्हणे, “ॲसिडिटी.” त्या दोन वर्षांत मी इतकी ॲसिडिटी सांगितली की बाबांनी कामवालीकडून माझ्यासाठी ओव्याची बाटली आणवली होती. खरं सांगायला काय हरकत होती? हरकत अशी होती की डॉक्टर म्हणाले होते, यांना धक्का बसेल असं काही नको. आणि दुसरी, जास्त खरी हरकत अशी की मी सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

ज्या दिवशी झालं तो शुक्रवार होता. दुपारी तीनला मॅनेजरने बोलावलं. पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी समजले. तो म्हणाला, “बेन, म्युझिक तो रहेशे. खाली बोलवानुं बंध.” संगीत राहणार, फक्त बोलणं बंद. आता लोकांना बोलणारी बाई नको, नुसतं वाजत राहायला हवं. सोमवारपासून नवा साचा, तोवर कंप्युटर चालवेल. मी विचारलं, आजचा शेवटचा कार्यक्रम करू का? निरोप घेते फक्त. तो हसला. रेडिओत तसं करत नाहीत, हे मलाही माहीत होतं. काढलेल्या माणसाच्या हातात माईक देत नाहीत, न जाणो तो काय बोलेल. अठरा वर्षं वाऱ्याबद्दल बोलणारी बाई काय बोलणार होते मी?

गळ्यातलं कार्ड काढून दिलं आणि बाहेर आले. अलकापुरीतल्या त्या रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी होती. मला घरी जायची हिंमत झाली नाही. साडेतीनला घरी गेले असते तर बाबांनी पावलांवरून ओळखलं असतं. म्हणून मी ठरवलं की नेहमीच्या वेळेला, साडेसातलाच घरी जायचं, आणि तोपर्यंत काहीतरी सुचेल. पाच वाजता मी रेडिओवर नसेन, मग बाबांना काय वाटेल, हा विचार आला नाही असं नाही. मी स्वतःला सांगितलं की काहीतरी गाणीबिणी लागतील, त्यांना वाटेल मशीन बिघडलं. असं मशीन दर पावसाळ्यात बिघडायचं. भित्र्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार कमी सामान लागतं.

कमाटीबागेत एका बाकावर बसले. सहकाऱ्यांचे फोन यायला लागले. त्यांच्या आवाजातली कीव ऐकायची नव्हती, म्हणून फोन बंद करून पर्समध्ये टाकला. पाच वाजले तसं माझ्या तोंडात ते वाक्य आपोआप आलं. मी ते गिळलं. समोर शाळेची सहल चालली होती, बाईंनी मुलांना दोरीला धरून चालायला लावलं होतं. मुलं गेल्यावरही मी तिथेच बसून दोन तास काढले, आणि त्या दोन तासांचा हिशेब मी अजून स्वतःला देऊ शकलेली नाही.

साडेसातला जिना चढले तर आमचं दार उघडं. नुसतं लोटलेलं. आत दिवा नाही, म्हणजे त्यात नवल नव्हतं, बाबांना दिवा लागत नाही. पण रेडिओ चालू होता आणि खुर्ची रिकामी होती. “बाबा!” मी बाथरूममध्ये पाहिलं, गॅलरीत पाहिलं, गॅलरीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. चहाचा कप तसाच भरलेला, वर साय धरलेली. दारामागच्या खुंटीवर त्यांची काळी टोपी नव्हती. ती टोपी बाबा फक्त लग्नाला आणि मयताला घालत. लग्न तर कुठे नव्हतं.

तेवढ्यात रेडिओवर माझी धून लागली. सुरुवातीची, पाच वाजताची. जाहिराती वगळल्यावर यादी सव्वा तासाचीच उरली होती, आणि कंप्युटर तीच पुन्हा पुन्हा चालवत होता. धून संपली. मी जिथे ‘सांज पडी’ म्हणते तिथे काहीच आलं नाही. आठ सेकंदं नुसती शांतता. मग पुढचं गाणं. ते संपलं, पुन्हा आठ सेकंदं शांतता. त्यांनी माझा आवाज पुसला होता, पण यादीतली माझी जागा काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

 बाबांनी हे अडीच तासांपूर्वी ऐकलं होतं. माझी धून, माझी गाणी, त्याच क्रमाने, आणि दर वेळी माझा तुकडा आला की सगळी वाद्यं खाली. जगात दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं की स्टेशनमध्ये काहीतरी गडबड आहे. बँडवाल्याच्या मुलाला एकच गोष्ट वाटू शकत होती.

मी समोरच्या बेनचं दार बडवलं. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “तमे? तमे तो सारां छो ने?” तुम्ही बऱ्या आहात ना, म्हणून. मग त्यांनी धाप लागल्यासारखं सांगितलं. दादा, म्हणजे बाबा, सव्वापाचला भिंत चाचपडत आले. माझा नंबर लावायला सांगितला. तीनदा लावला, तीनदा बंद. स्टेशनचा लावला तर नुसती रिंग. मग दादा म्हणाले, मला रिक्षा करून द्या. बेनच्या घरात तान्हा नातू, त्यांना निघता येईना. त्यांनी रिक्षावाल्याला बजावलं की स्टेशनवर उतरवा, थांबा आणि परत आणा. “दादा रडता हता,” त्या म्हणाल्या. मी बाबांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

मी रिक्षा करून स्टेशनवर निघाले. दोन स्टेंट, दोन स्टेंट, एवढंच डोक्यात. वॉचमन मला बघून उभा राहिला. हो, एक आंधळे काका आले होते. माझ्याबद्दल विचारलं. “तुम्ही काय सांगितलं?” मी ओरडले. तो म्हणाला, “मॅडम, साहब ने बोला था आपके बारे में किसी से कुछ बात नहीं करने का. मैं चुप रहा.” काकांनी दोनदा विचारलं, तो दोनदा गप्प राहिला. नंतर काका रिक्षावाल्याला म्हणाले, मोठ्या दवाखान्यात चला. बिचाऱ्या वॉचमनचा यात काय दोष! पण त्या वेळी मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागाबाहेर एक लांब बाक आहे. मी फाटकातून धावत आत शिरले आणि मला आधी ती काळी टोपी दिसली. बाबा बाकाच्या टोकाला बसले होते, काठी दोन गुडघ्यांत, मान दाराकडे वळवलेली. दार उघडून स्ट्रेचरची चाकं वाजली की ते अर्धे उठत आणि विचारत, “बाई आहे का? बाई आहे का?” कोणी म्हणे, नाही काका, पुरुष आहे. मग ते पुन्हा बसत. रिक्षावाला जवळच उभा होता. त्याने सांगितलं की आत दोनदा विचारून झालं, या नावाचं कोणी नाही, पण काका हलत नाहीत. ते म्हणतात, अजून आणली नसेल.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या घशातून आवाज निघेना. अठरा वर्षं आवाजाची भाकरी खाल्लेली बाई मी, आणि ‘बाबा’ एवढंही निघेना. ते माझ्या सावलीकडे तोंड करून म्हणाले, “कोण आहे?” मला काही सुचलं नाही. जे तोंडात रुळलं होतं तेच बाहेर पडलं. “सांज पडी. बे घडी बेसो.”

त्यांनी काठी सोडून दिली. मग अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, “बसलोय गं.” आणि मग त्यांनी माझा चेहरा धरला, कपाळ, नाक, हनुवटी, कान, सगळं चाचपून पाहिलं, बाजारात माणूस वस्तू फुटलेली नाही ना पाहतो तसं.  मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले, लोक बघत होते तरी.

तिथल्या डॉक्टरने त्यांना तपासलं, गोळी दिली, अर्धा तास बसवून ठेवलं. त्या अर्ध्या तासात मी सगळं सांगितलं, नोकरी, मीटिंगा, ओव्याची बाटली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “मी आठ वर्षांचा होतो. आई म्हणाली, तुझे वडील गावाला गेलेत. सगळे तेच म्हणायचे. शेजारी, काका, मास्तर. मला कवायत बघायला नेलं एकाने. त्यांची चाल लागली. मी वाट बघत होतो, आता त्यांचा तुकडा येईल, गावाहून परत आले असतील तर. तर सगळ्यांनी वाद्यं खाली घेतली.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मला तिथे कळलं. मैदानात. सगळे मला जपत होते, आणि मला बँडने सांगितलं.”

रीतीची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. ही बाजू कधीच नाही.

“नोकरी गेली तर गेली,” ते म्हणाले. “तेवढंच सांगायचं होतंस. मला जपायला गेलीस आणि मारून टाकलंस आज.”

सोमवारी स्टेशनचा नवा साचा सुरू झाला. त्या रिकाम्या जागा बुजवल्या गेल्या. महिन्याभरात सॅक्सोफोनही गेला आणि नुसते ठोके आले, अभ्यास करताना मुलं लावतात तसले. लेथ मशीनवाल्याचं बीपी आता कशाने उतरतं कोण जाणे. मी एका ट्यूशन क्लाससाठी धडे रेकॉर्ड करून देते, दुपारपर्यंत काम संपतं.

पण पाच वाजता कार्यक्रम होतो. बाबांनीच तो सुरू करायला लावला. माझ्या जुन्या धुना मी फोनवरून लावते आणि स्वयंपाकघरातून बोलते, कारण समोर बसून बोललेलं त्यांना चालत नाही, ते रेडिओसारखं वाटत नाही म्हणे. पोळ्या लाटता लाटता मी वाऱ्याबद्दल बोलते. “सांज पडी. बे घडी बेसो.” आणि बाहेरच्या खोलीतून येतं, “बसलोय गं.” वाक्य संपलं की ते उत्तर येईपर्यंत माझं लाटणं थांबतं. त्यांचं वय, ते दोन स्टेंट, त्या दिवशीची ती टोपी, सगळं त्या एका क्षणात उभं राहतं. असं रोज होतं.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं नाही. मी थांबले. पुन्हा म्हटलं, थोड्या मोठ्याने, “बे घडी बेसो!” काही नाही. फोनवर पुढची धून सुरू झाली. लाटणं हातातच घेऊन मी धावले, दाराच्या चौकटीला खांदा आपटला. बाबा खुर्चीत बसले होते, मान खाली, हात मांडीवर. मी त्यांना गदागदा हलवलं. “बाबा! बाबा!”

त्यांनी मान वर केली. पूर्ण जागे होते. चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता.

“आवाज आला नाही की असं वाटतं,” ते म्हणाले. “जा आता, पोळी करपेल.”